तंबू नंबर चार

ताट एक, वाटी एक, फुलपात्र एक, टमरेल एक. सतरंजी, चादर, काठी, दोरी, शिट्टी, बॅटरी, सुईदोरा, कोरी पोस्टकार्डं दोन. सोन्याचा दागिना आणू नये. खाऊ आणू नये.

१९८३ च्या एप्रिलात शाळेतून आलेला हा सायक्लोस्टाइल केलेला कागद आमच्या घरात लग्नपत्रिकेसारखा हातोहात फिरला. मी आठवीतून नववीत जाणार होते, आणि मधल्या मे महिन्यात गाइडच्या पाच दिवसांच्या शिबिराला. आमच्या घरातली मुलगी परक्या छपराखाली झोपायला जाते ती थेट लग्न करूनच, अशी तोवरची वहिवाट. इथं तर छप्परही नव्हतं, तंबू होता. आजीला तंबू म्हणजे सर्कस एवढंच ठाऊक. "सिंहाच्या पिंजऱ्याजवळ जाऊ नकोस," असं तिनं मला बजावलं, आणि ते चेष्टेत की खरंच, हे मला आजही सांगता येणार नाही.

बाबांनी यादी मनावर घेतली. तांबड्या ऑइलपेंटचा डबा आणून त्यांनी प्रत्येक वस्तूवर माझं नाव घातलं. वाटीवर जागा कमी, म्हणून नुसती आद्याक्षरं आली. ताटावर नाव-आडनाव आलं. टमरेलावर मात्र चिक्कार जागा होती. तिथं माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, इयत्ता, तुकडी आणि पिनकोडसकट पत्ता आला. पुढं आयुष्यभर जे झालं त्याचं मूळ या टमरेलात आहे.

'खाऊ आणू नये' हे वाक्य सांगली जिल्ह्यात कुणी गंभीरपणे घेत नाही. आईनं माझी उशी उसवली, निम्मा कापूस काढला, त्या जागी भडंगाची पिशवी कोंबली आणि पुन्हा टाके घातले. "रात्री भूक लागली तर एका कोपऱ्यातला टाका सोड, सगळे सोडू नकोस," असं शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतात तसं सांगितलं. पहिल्या रात्री तंबूत कंदील मालवला आणि मी डोकं टेकलं, तर उशी कुरकुरली. मी श्वास रोखला. शेजारची उशी कुरकुरली. मग पलीकडची. सहा उशा, सहा कुरकुर, आणि तंबूभर तळलेल्या लसणाचा वास. त्या क्षणी आमची मैत्री झाली. बाकीचे चार दिवस ती निभावण्यात गेले.

कृष्णाकाठच्या एका गावाबाहेर आमराई होती, तिथं आठ तंबू लागले. तंबूत सहाजणी, आणि तंबू म्हणजे एक संघ. मुलांच्या स्काउटमध्ये संघांना वाघ, सिंह, गरुड अशी नावं असतात. मुलींना फुलं. गुलाब, मोगरा, जाई ही नावं तंबू नंबर एक ते तीनने पळवली आणि आमच्या, म्हणजे चार नंबरच्या वाट्याला शेवंती आली. प्रत्येक संघाची एक आरोळी असावी लागते. वाघाला सोपं आहे, तो डरकाळी फोडतो. शेवंतीनं काय करावं? दोन तास डोकं खाजवून आम्ही रचलं, "शेवंती, शेवंती, कुणाला नाही भीत ती!" यमक जुळलं म्हणून आम्ही खूश होतो. मराठीच्या बाई सोबत आल्या होत्या, त्या संध्याकाळपर्यंत उदास होत्या.

आमच्या कॅप्टनबाई पचमढीला ट्रेनिंग घेऊन आलेल्या. सातपुड्यातल्या पचमढीला भारत स्काउट्स आणि गाइड्सचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. बाईंच्या बोलण्यावरून मात्र ते बारा ज्योतिर्लिंगांनंतरचं तेरावं असावं असं वाटे. "पचमढीला ताटं राखेनं घासतात." "पचमढीला मुली पाच मिनिटांत अंघोळ आटपतात." "पचमढीला कुणी आमटीला नावं ठेवत नाही." आमटीला नावं ठेवण्यासारखं खरं तर काही नव्हतंच, तळ स्वच्छ दिसत होता. एकदा भात करपला तेव्हा बाई "पचमढीला…" एवढंच म्हणून गप्प झाल्या. तिथंही करपत असावा.

पहिल्या संध्याकाळी सामानाची तपासणी झाली. बाई यादी वाचणार, मुली वस्तू वर धरणार. तंबू ठोकताना मेखेला अडखळून जी तोंडावर पडली होती ती त्याच वेळी 'मेख' झाली. जाड भिंगाची 'कंदील'. उंच, किरकोळ अंगाची 'काठी'. दोन लांब वेण्यांची 'दोरी'. बोलताना मध्ये श्वास न घेणारी 'शिट्टी'. आणि बाईंनी "टमरेल!" म्हटल्यावर मी ते वर धरलं, तर समोरच्या मोगऱ्यातल्या मुलींनी त्यावरचा मजकूर पिनकोडसकट एका सुरात वाचला. आज मी पंचावन्नची आहे. हाताखाली अकरा माणसं आहेत, ती मला मॅडम म्हणतात. पण पाच बायकांच्या फोनमध्ये माझा नंबर कुठल्या नावाखाली आहे हे मला पक्कं माहीत आहे.

डाव्या हाताचा प्रश्न मी घरीच लढून आले होते. स्काउट-गाइड डाव्या हातानं हस्तांदोलन करतात. यामागं पश्चिम आफ्रिकेतल्या अशांती योद्ध्यांची गोष्ट सांगतात. डाव्या हातातली ढाल खाली ठेवून तो मोकळा हात पुढं करायचा, म्हणजे समोरच्यावर पुरता विश्वास. मी हे आजीला मोठ्या अभिमानानं सांगितलं आणि डावा हात पुढं केला. आजी एक पाऊल मागं सरली. "ढाल नसते तेव्हा त्या हाताला काय काम असतं, हे तुमच्या बाईंना ठाऊक आहे का?" तिनं विचारलं. बाईंना हा प्रश्न विचारायची मला छाती झाली नाही. पुढची दोन वर्षं आजी माझ्या हातून प्रसाद घेताना आधी हात कुठला ते बघे.

गाठींच्या बाबतीतही आजी आडवी आली, तीही नकळत. उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर, की झाली रीफ नॉट. सारख्या जाडीच्या दोन दोऱ्या जोडायच्या तर ही. जाडी वेगळी असेल तर शीट बेंड. काठीला दोरी बांधायची तर क्लोव्ह हिच. रीफ नॉटमध्ये दुसऱ्या वेळी चुकून पुन्हा उजवंच डाव्यावर गेलं तर जी गाठ पडते तिला ग्रॅनी नॉट म्हणतात, म्हणजे आजीची गाठ, आणि ती साऱ्या जगात चुकीची समजली जाते. मला तीच जमे. आमच्या आजीनं चाळीस वर्षं लोणच्याच्या बरण्यांची दादरी फडकी त्याच गाठीनं बांधली, एकही कधी सुटली नव्हती. पण परीक्षेत त्याचे गुण मिळत नाहीत.

दुपारी दोन ते तीन इतिहास. पोटात जेवण, वर आंबे, खाली सतरंज्या, आणि बाई लंडनमध्ये. बेडन पॉवेल नावाच्या लष्करी साहेबानं मुलांसाठी स्काउट काढलं. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला त्या मुलांचा मेळावा भरला, तर तिथं काही मुली न बोलावता, स्काउटसारखा पोशाख करून येऊन उभ्या. आम्हीही स्काउटच, म्हणाल्या. साहेब पेचात पडले आणि पेचात पडलेला पुरुष जे करतो ते त्यांनी केलं, काम बहिणीवर ढकललं. १९१० मध्ये ॲग्नेस बेडन पॉवेलबाईंनी गर्ल गाइड्स सुरू केलं. 'गाइड' हे नाव मात्र गेलं ते आपल्याकडून, वायव्य सरहद्दीवर 'कोअर ऑफ गाइड्स' नावाची पलटण होती तिच्यावरून. १९११ मध्ये जबलपूरला भारतातलं पहिलं गाइड पथक निघालं, तेही गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलींपुरतं. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० ला, स्काउटच्या संघटना एक होऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स झाली. गर्ल गाइड्सची संघटना त्यात आली ती पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला. सहाजणींना एका तंबूतून बाहेर निघायला किती वेळ लागतो हे पाहिलेलं असल्यानं आम्हाला याचं नवल वाटलं नाही.

त्या न बोलावता गेलेल्या मुली मात्र आम्हाला फार आवडल्या. शिट्टीनं हात वर केला. "बाई, त्यांनी घरी काय सांगितलं असेल?" बाई उत्तर देणार, तेवढ्यात टप्पकन आंबा पडला. अठ्ठेचाळीस माना वळल्या. "गाइडचं लक्ष विचलित होत नसतं," बाई म्हणाल्या, आणि त्यांचेही डोळे आंब्यावरच होते. पडलेल्या आंब्याला हात लावायचा नाही, असा सक्त हुकूम होता. आमराई दुसऱ्याची, आणि गाइड विश्वासपात्र असते.

गाइडनं रोज एक सत्कृत्यही करायचं असतं. सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची आणि कुणाला तरी मदत केली की सोडायची. योजना उत्तम. अडचण एवढीच की आम्ही अठ्ठेचाळीसजणी होतो आणि त्या आमराईत मदत करून घेण्याजोगा माणूस एकच, राखणदार मामा. पहिल्या दिवशी त्यांची घागर सातदा भरली गेली. दुसऱ्या दिवशी म्हैस चारदा धुतली गेली आणि संध्याकाळी तिनं दूध चोरलं. "पोरीनू, आता बास करा, माझं समदं झालंय," मामा हात जोडून म्हणाले. तिसऱ्या दिवशी स्कार्फवाल्या मुली लांबून दिसल्या की मामा उसात शिरू लागले.

आता रात्रीचं सांगायला हवं. ते टाळून शिबिराविषयी लिहिणं म्हणजे विठोबा टाळून पंढरपूरविषयी लिहिणं.

आमराईच्या टोकाला चर खणून तरटाचे आडोसे केले होते. रात्री एकटीनं जायचं नाही, जोडीनं जायचं, असा नियम. दिसायला सोपा. पण एकजण आत गेली की बाहेर दुसरी एकटी पडते. म्हणून तिच्या सोबतीला तिसरी. मग तंबूत तिघी उरतात, आणि त्यातल्या मेखेनं जाहीर केलं की तिघी ही संख्या अशुभ आहे. एकीला लागली की सहाजणी उठायच्या, असं पहिल्याच रात्री ठरून गेलं. एक बॅटरी पुढं, एक मागं, मध्ये टमरेल. म्हणजे दोन्ही टमरेलं.

पुढचा प्रश्न असा आला की आत गेलेलीला बाहेरच्या पळून गेल्या नाहीत हे कळणार कसं? "काहीतरी बोलत राहा गं!" आतून रडवेला आवाज. काय बोलणार? रामरक्षा त्या जागी म्हणता येईना. सिनेमाचं गाणं म्हटलं तर बाई उठतील. मग काठी म्हणाली, पाढे म्हणू. पाढ्यानं विटाळ होत नाही आणि शिस्तही मोडत नाही. पाचाचा पाढा काम उरकायच्या आत संपला. म्हणून सतराचा घेतला, कारण तो कुणालाच धड येत नव्हता, आणि जो पाढा येत नाही तो लांबतो. सतरा पंचे पंच्याऐंशी, सतरा सक एकशे दोन, इथपर्यंत सगळ्या दणक्यात. सतरा साती म्हटलं की शांतता. आणि त्या शांततेत आतून घाबरलेली हाक, "अगं, आहात ना?"

पाचही रात्री आम्ही सतरा सातीला अडलो. दिवसा कुणीही तो गुणाकार करून ठेवला नाही. तशी गरज वाटली नाही.

तिसऱ्या रात्री वळीव आला. गाइडचं ब्रीद 'तयार' असं आहे आणि आम्ही तयार होतो. तंबूभोवती चर खणून ठेवला होता. त्याचं तोंड उताराकडं असावं लागतं, ते आम्ही चढाकडं ठेवलं होतं, त्यामुळं अख्ख्या आमराईचं पाणी शेवंतीकडं आलं. पावसात सुती दोरखंड भिजून आखडतात, म्हणून वेळीच सैल करायचे, हेही सहाजणींना पाठ होतं आणि सहाहीजणी ते अंधारात एकमेकींना ओरडून सांगत होत्या. सैल मात्र होईना. दोरखंड मी बांधले होते, आजीच्या गाठीनं.

शेवटी मेखाच उपटल्या आणि ओला कॅनव्हास आमच्यावर आला. त्याच्याखालून मी पाहिलेलं दृश्य असं: बॅटरीच्या पिवळ्या उजेडात सहा उशा तरंगताहेत, टाके उसवलेत आणि भडंग पाण्यावर पसरत चाललंय. शिट्टी त्यातलं वरवरचं मुठीनं गोळा करून खात होती. तिचं म्हणणं, आता लपवायचं कशाला. बाई रेनकोट घालून, कंदील वर धरून आल्या. आमच्याकडं पाहून म्हणाल्या, "पचमढीला…" आणि शिंकल्या. आजतागायत ते वाक्य अपुरं आहे.

उरलेली रात्र गावातल्या मारुतीच्या देवळात काढली. अठ्ठेचाळीस मुली, तीन बाई आणि उघड्यावर आलेला सगळा खाऊ. कोरडी पाकिटं जमवली तर तेरा निघाली. बाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी एका पाकिटात हात घातला आणि चवीनं खात म्हणाल्या, "यात शेंगदाणे कमी आहेत." सकाळी आमराईत गेलो तर झाडाखाली आंब्यांचा नुसता सडा. अठ्ठेचाळीसजणी कडेला ओळीनं उभ्या, हात मागं बांधून, कारण पडलेल्या आंब्याला हात लावायचा नाही. मामा उसातून बाहेर आले, त्यांनी आमच्याकडं पाहिलं, सड्याकडं पाहिलं, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा स्वतः हाक मारली, "या गं पोरीनू, मदतीला." त्या दिवशी स्कार्फच्या गाठी खऱ्या सुटल्या. मजुरी म्हणून मिळालेल्या दोन पाट्या कैऱ्यांचं पन्हं झालं, आणि शिबिराच्या स्वयंपाकघरातून आलेल्या पदार्थांत चवीला नाव ठेवता येणार नाही असा तो एकच.

शेवटच्या रात्री मोठी शेकोटी. विलायतेत थंडी असते, लोक शेकोटीभोवती दाटीनं बसतात, गातात, हे समजू शकतं. कृष्णाकाठी मे महिन्यात शेकोटी पेटवली की लोक तिच्यापासून जमेल तितके लांब बसतात. आमचं वर्तुळ एवढं रुंदावलं की समोरच्या बाजूची नक्कल ऐकू येईना. त्यात लाकडं वळवात भिजलेली, धुराचा लोट. कोट घालून आलेले पाहुणे भाषणभर ठसकले. बाई निरोपाचं बोलायला उभ्या राहिल्या आणि अठ्ठेचाळीसजणींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. धुरानं की निरोपानं, हा वाद अजून मिटलेला नाही. काठी म्हणते धूर. पण काठी लेकीच्या लग्नातही धूरच म्हणाली होती, आणि ते लग्न नोंदणी कार्यालयात झालं.

मी दुसऱ्या दिवशी टाकलेलं पोस्टकार्ड माझ्यानंतर दोन दिवसांनी घरी पोचलं. आईनं ते मलाच वाचायला लावलं. 'मी मजेत आहे. जेवण चांगले आहे. तंबू मजबूत आहे.'

पुढल्या वर्षी, १९८४ च्या मेमध्ये, त्याच आमराईत पुन्हा शिबिर भरलं, आणि परंपरा ही चीज काय असते ते मला तिथं कळलं. लोक म्हणतात परंपरेला पिढ्या जाव्या लागतात. छे. आम्ही एकदा येऊन गेलेल्या, म्हणून आम्ही ज्येष्ठ. आठवीच्या नव्या मुलींना आम्ही सांगत होतो, "पूर्वीपासून असंच आहे," आणि हे पूर्वी म्हणजे गेल्या वर्षीचा मंगळवार. त्या वर्षीच्या यादीत चक्क लिहून आलं होतं, 'खाऊ आणल्यास बंद डब्यात आणावा.' वळिवाच्या रात्रीचा धडा बाईंनी घेतला होता. आम्हाला फार अपमान वाटला. डब्यात कसा आणणार? खाऊ उशीतच असतो! सहाजणींनी आपापल्या आयांकडून उशा उसवून घेतल्या. आई म्हणाली, "अगं, आता परवानगी आहे ना?" तिला काय सांगणार. काही गोष्टी कायद्यानं सुटत नाहीत.

पण खरी गंमत पहिल्या संध्याकाळी झाली. गावातल्या बायका दूध घालायला आल्या होत्या. त्यांतली एक आवाज खाली करून नव्या मुलींना सांगू लागली, "रातच्याला त्या टोकाकडं जाऊ नगासा. तिथं मास्तराचं भूत हाय. पाढं म्हणतंय. सतराचा. आमच्या ह्यास्नी गेल्या उन्हाळ्यात कानांनी ऐकलंय, पाच राती."

नव्या मुली पांढऱ्याफटक पडल्या. आम्ही ज्येष्ठांनी एकमेकींकडं पाहिलं. आता हसायला हवं होतं, नाही का? खुलासा करायला हवा होता. पण बाई पुढं सांगत होती, की मास्तर जुन्या काळचा, पोरांना पाढा येईना म्हणून झुरून झुरून मेलेला, आणि अजून सतरा सातीला अडतो. तिच्या सांगण्यात इतका तपशील होता की आम्हाला वाटायला लागलं, आपण सोडून आणखी कुणी असेलही. कंदील तर कुजबुजली, "गेल्या वर्षी मला आपल्यापेक्षा एक आवाज जास्त ऐकू आला होता." त्या रात्री सहाजणी आडोशाशी गेलो, पाढा सुरू केला आणि सतरा सकला आपण होऊन थांबलो. भीती पुढं अडण्याची नव्हती. पुढचा आकडा दुसऱ्याच कुणी सांगेल, ही होती.

नंतर दहावी आली, मग कॉलेजं, नोकऱ्या, लग्नं, आणि बरीच वर्षं आम्ही एकमेकींना फक्त दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर भेटलो. मी पुण्यात आल्यावर मला कळलं की आळंदी रस्त्याला 'संगम' आहे. जगभरच्या गाइड मुलींसाठी स्वित्झर्लंड, लंडन, मेक्सिको अशी केंद्रं होती, त्यांत चौथं पुण्याला, १६ ऑक्टोबर १९६६ ला लेडी बेडन पॉवेल यांच्या हस्ते उघडलेलं. म्हणजे आम्ही आमराईत पचमढीचं माहात्म्य ऐकत होतो तेव्हा सांगलीहून एसटीनं जाण्याजोग्या अंतरावर हे होतं, आणि बाईंनी पाच दिवसांत त्याचं नावही काढलं नाही. त्या तिथं गेल्या नव्हत्या. न पाहिलेल्या तीर्थाचं माहात्म्य त्यांनी कधी सांगितलं नाही, एवढं मात्र त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं.

मग व्हॉट्सॲप आलं आणि दोरीनं सहाजणींना गोळा करून 'शेवंती' नावाचा ग्रुप काढला. तिथं पहिले चार महिने भांडणात गेले. चराचं तोंड चढाकडं कुणी ठेवलं? मेख म्हणते काठीनं, काठी म्हणते मोगऱ्याच्या मुलींनी मुद्दाम फिरवलं. वळीव तिसऱ्या रात्री आला की चौथ्या? शिट्टीच्या आठवणीत तर एक नागही आहे, जो आम्हा बाकीच्या पाचजणींपैकी कुणीच पाहिलेला नाही. तो दर वर्षी फूटभर वाढतो. एका गोष्टीवर मात्र सहाहीजणींचं एकमत आहे, ते म्हणजे माझ्या टमरेलावरचा पिनकोड. तो पाचहीजणींना पाठ आहे. एकीनं तर तो बँकेचा पासवर्ड केला होता.

या वर्षी ठरवून भेटलो. तारीख २२ फेब्रुवारी, जागतिक चिंतन दिन. बेडन पॉवेल नवरा-बायको दोघांचाही वाढदिवस हाच. गाइड काटकसरी असते म्हणतात, पण केक वाचवायला इतकं कुणी जुळवून आणेल असं वाटत नाही. पन्हाळ्याला एका हॉटेलात दोन खोल्या घेतल्या होत्या, पण रात्री गप्पा मारता मारता सहाहीजणी एकाच खोलीत, जमिनीवर गाद्या टाकून. तिघींचे गुडघे, दोघींचं बीपी, एकीची साखर. गोळ्यांचे डबे उशाशी. उशा हॉटेलच्या, त्यांना टाके घालता येत नाहीत म्हणून भडंग अभ्र्यात सरकवलेलं. चिंतन म्हणून काही झालं नाही.

रात्री दोनच्या सुमाराला कुणीतरी माझा पाय हलवला.

"टमरेल, ए टमरेल. चल ना."

"कुठं?"

"अगं, तिकडं."

बाथरूम खोलीतच होतं. माझ्या गादीपासून सात पावलं. आत गिझर, बाहेर दिव्याचं बटण. कंदिलाला हे दिसत होतं, तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उलट आता तिलाच सगळ्यांत चांगलं दिसतं. पण मी उठले. मी उठले म्हणून दोरी उठली. दोरी उठली तेव्हा शिट्टीनं विचारलं, किती झाल्या, आणि तिघी म्हटल्यावर मेखेनं पांघरूण फेकलं. गुडघे सांभाळत, मोबाइलच्या बॅटऱ्या लावून, एक पुढं, एक मागं. कंदील आत गेली. दार लावलं. पाचजणी दाराशी उभ्या.

आतून आवाज आला, "अगं, आहात ना?"

काठीनं सुरुवात केली. सतरा एके सतरा. आवाज आधी दबका, मग जमत गेला. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एकावन्न. शिट्टीला तर आवाज बारीक ठेवता येतच नाही. सतरा पंचे पंच्याऐंशी, सतरा सक एकशे दोन. सतरा साती…

शांतता. एक निवृत्त बँक मॅनेजर, एक मुख्याध्यापिका, एक लेखापरीक्षक आणि आम्ही दोघी एकमेकींकडं बघत उभ्या.

आणि भिंतीपलीकडून, शेजारच्या खोलीतून, झोपमोड झालेला एक जाडाभरडा पुरुषी आवाज आला, "एकशे एकोणीस!"

पुढच्या क्षणाला आम्ही सहाहीजणी बाथरूममध्ये होतो आणि आतून कडी लावलेली होती.